गाडी येते, पण चालवता येते का?

‘मुलीला टू-व्हीलर येते’ हे वाक्य आता लग्नाच्या बायोडाटात स्वयंपाक, शिवणकाम आणि एमएससीआयटीच्या शेजारी जाऊन बसलं आहे. अगदी तालुक्याच्या गावातसुद्धा. आणि बसायलाच हवं. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांची लूना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली, साडी नेसूनही चालवता येणारी. मग स्कूटी आली, अ‍ॅक्टिव्हा आली आणि बघता बघता बाईच्या हातात किल्ली आली. आज शेजारच्या गावच्या शाळेत जाणाऱ्या बाई, अंगणवाडीसेविका, आशाताई, पार्लरवाली, पापड-लोणच्याच्या ऑर्डरी पोचवणारी बचतगटाची अध्यक्ष, सगळ्या दोन चाकांवर आहेत. एसटीच्या वेळेवर आणि घरातल्या पुरुषाच्या सवडीवर आपलं अडून राहणं या दोन चाकांनी संपवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच आजचा विषय काढते आहे.

आपण गाडी शिकतो कशी, ते जरा आठवून बघा. संध्याकाळी शाळेचं मैदान. मागून सीट धरून पळणारा भाऊ, नाहीतर बाबा, नाहीतर नवरा. ‘सोडू नकोस हं’, ‘अगं सोडलीये मी कधीची!’ हा संवाद. दोन-चार संध्याकाळी असं झालं की गाडी आली. मग एजंटमार्फत लर्निंग लायसन्स, महिन्याभराने आरटीओच्या कॅम्पला जाऊन आठचा आकडा काढायचा, पाय टेकला नाही की पास. झालं शिक्षण! त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं आपण गाडी चालवतो, पोरं शाळेत सोडतो, सासूबाईंना दवाखान्यात नेतो, पण कुणी एकदाही ‘ये, पुढचं शिकवते’ म्हणत नाही. आपणही विचारत नाही.

पोळी लाटता आली म्हणजे स्वयंपाक आला असं आपण म्हणतो का? नाही ना? मग तोल सांभाळता आला म्हणजे गाडी चालवता आली, असं कसं म्हणायचं?

जरा आकडे बघू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. म्हणजे कार, ट्रक, एसटी, पायी चालणारे, सगळ्यांत जास्त बळी आपल्या या लाडक्या वाहनावरचे. हेल्मेट नसताना गेलेले ५० हजार २९. आणि त्यातले १४ हजार ३३७ तर मागे बसलेले! मागे कोण बसतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल आला १९८१ साली, पण वाचताना वाटतं की माणूस आपल्या एसटी स्टँडसमोर उभा राहून लिहितोय. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक घसरलं आणि पुढचा ब्रेक, ज्याने गाडी खरी थांबते, तो पुरेसा वापरलाच नाही. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली त्या अपघातांत सगळ्यात नेहमीचं कारण कोणतं? समोरच्या वाहनवाल्याने मोटारसायकल पाहिलीच नाही आणि तो आडवा वळला.

आता हे सगळं माणसाला शिकवता येतं का? येतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शहरात एका रविवारी बायकांसाठी दुचाकीचं ‘पुढचं’ प्रशिक्षण होतं, त्याला मी गेले होते. कॉलेजचं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, मध्ये प्लास्टिकचे शंकू. शिकवणाऱ्या बाई पस्तिशीच्या. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, “ताई, वेगात या आणि मी हात वर केला की थांबा.” आमच्यातल्या बहुतेकींच्या गाड्या रेषेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबल्या, मागचं चाक धूळ उडवत. पन्नाशीच्या एक अंगणवाडीसेविका होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, अठरा वर्षं झाली, मी उजव्या ब्रेकला हात लावलेला नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, उजवा दाबलास तर तोंडावर पडशील.” सगळ्या हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरी कुणीतरी हेच सांगितलेलं होतं!

हा ‘उजवा दाबू नको’चा मंत्र किती घरांत दिला गेला असेल! पण खरी गोष्ट अशी. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे झेपावतात, बरोबर? तसंच आपल्या गाडीचंही होतं. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. तिथे पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते घसरतं. म्हणजे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकाचं, आणि बहुतेक स्कूटरवर पुढचा ब्रेक उजव्या हातात. तो झटक्याने आवळला, हँडल वळलेलं असताना आवळला किंवा वाळूवर आवळला तर पडायला होतं, हे खरंच आहे. म्हणून तो वापरायचाच नाही असं नाही, तर लिंबू पिळतो तसा हळूहळू दाब वाढवत नेायचा असं नव्हे का? हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकदम, दाब चढता. मैदानावर वीस-पंचवीस वेळा केलं की हात शिकतो. त्या अंगणवाडीच्या ताई दुपारी बरोबर रेषेवर थांबत होत्या.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कायद्याने ब्रेकची मदत आली आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारा जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस. पण गावात जुन्या गाड्या किती आहेत बघा. आणि जोडब्रेक असला तरी पूर्ण ताकद हवी तर उजवा हात लागतोच.

ब्रेक दाबण्याआधीही एक गोष्ट घडते, ती म्हणजे आपल्या लक्षात येणं. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. कुत्रं आडवं आलं हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. मग ब्रेक चांगला लावला तरी आणखी बारा-तेरा मीटर. म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं अंतर लागलं थांबायला, तेही कोरड्या रस्त्यावर. आणि वेग ६० असेल तर? चार एसटी गाड्या! वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. हे एकदा मैदानावर पावलं मोजून पाहिलं की पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून जायची सवय आपोआप सुटते. सोपी युक्ती सांगते. पुढच्या गाडीने विजेचा खांब ओलांडला की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. तोवर तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पाऊस असेल तर हेच अंतर दुप्पट ठेवा.

दुसरा धडा नजरेचा. जिथे नजर, तिथे गाडी. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी बरोब्बर खड्ड्यातच जाते, हा अनुभव कुणाला नाही? खड्डा दिसला की नजर त्याच्या शेजारच्या चांगल्या रस्त्यावर न्यायची. वळणावर पुढच्या चाकाकडे नाही, वळण संपतं तिथे बघायचं. ऐकायला किती साधं! पण भीती वाटली की माणूस भीतीच्या वस्तूकडेच बघतो, म्हणून हे सरावानेच येतं.

तिसरा धडा, मला सगळ्यात मोलाचा वाटला तो. समोरच्याने आपल्याला पाहिलेलंच नाही असं धरून चालायचं. चौकात कार उभी आहे, ड्रायव्हर आपल्याकडे बघतोय असं वाटतं, तरी तो वळेल हे गृहीत धरून बोटं ब्रेकवर ठेवायची. ट्रकच्या डाव्या अंगाला कधी रेंगाळायचं नाही, ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही, एवढं पक्कं समजा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहतो तो याचसाठी. तरी हाताची बोटं मिटून-उघडून ‘बाई, लाइट चालू आहे’ सांगणारे काका अजून भेटतातच! आपण मान डोलवायची आणि पुढे जायचं.

शहरातल्या पुस्तकांत नसलेले धडे आपल्या रस्त्यांचे वेगळेच असतात. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, रस्त्यावर सांडलेला ऊस. अंधारात अशी उभी ट्रॉली ऐनवेळी दिसते. तिथे एकच उपाय, आपल्या दिव्याचा उजेड पोचतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, साइडपट्टीवरची बारीक खडी, खळ्यासाठी रस्त्यावर पसरलेलं धान्य. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकातले रूळ ओले झाले की काचेसारखे. रूळ तिरके ओलांडायचे नाहीत, शक्य तेवढे काटकोनात ओलांडायचे, आणि त्यांच्यावर असताना ब्रेक मारायचा नाही. हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं का? आपण पडल्यावर ‘बघून चालवायचं ना!’ एवढंच सांगितलं.

आणि आपले कपडे. ओढणीची दोन्ही टोकं मागे गाठ मारून कुडत्यात किंवा जॅकेटमध्ये खोचलेली हवीत. चाकात ओढणी गेली की गळ्याला फास बसायला क्षण पुरतो. साडीगार्ड ‘गाडी बेढब दिसते’ म्हणून काढून टाकणारे नवरे मी पाहिले आहेत. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला आच्छादन, धरायला हँडल आणि पाय ठेवायला जागा, हे तिन्ही मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. हेल्मेटखाली स्कार्फचे चार वेढे घातले की हेल्मेट डोक्यावर नुसतं तरंगतं. अंबाडा वर असेल तर ते बसतच नाही, केस खाली मानेशी बांधा. पट्टा लावलेला नसेल तर ते हेल्मेट नव्हे, नुसती टोपी! १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तेव्हा रस्त्याकडेला दोनशे रुपयांत मिळतं ते घेऊन स्वतःची फसवणूक करू नका. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळाला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा लावायचा, वेग ४० च्या आत ठेवायचा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पुढे पाय ठेवायच्या जागी उभं केलेलं लेकरू, नाहीतर तिथेच गॅसचा सिलिंडर, हे दृश्य मात्र आपल्याकडे रोजचंच.

आता एक काळजी नवी. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि २५० वॉटच्या आतल्या बॅटरीच्या स्कूटरला ना लायसन्स लागतं ना नंबरप्लेट. त्यामुळे क्लासला जाणाऱ्या मुलींना घरोघरी तीच घेऊन दिली जाते. सोय चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्या मुलीला आठचा आकडासुद्धा काढावा लागलेला नसतो. गाडीला आवाज नाही, त्यामुळे पुढच्याला ती आल्याचं कळत नाही. लायसन्स लागत नाही म्हणजे शिकवायची गरज नाही, असा अर्थ आईबापांनी घेऊ नये.

कुणी म्हणेल, प्रशिक्षणाने अपघात थांबतात का? प्रामाणिकपणे सांगते, जगभर याचा अभ्यास झालेला आहे आणि नुसत्या प्रशिक्षणाने अपघात हमखास कमी होतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उलट नुसती करामत शिकवली तर माणूस शेफारतो, ‘मला येतं’ म्हणून जास्त वेगाने जातो. तेव्हा गाडी तिरकी कशी करायची, एका चाकावर कशी चालवायची, हे शिकवणारे वर्ग आपल्या कामाचे नाहीत. धोका आधी कसा ओळखायचा, अंतर कसं ठेवायचं, थांबायचं कसं, हे शिकवणारे हवेत. आणि रस्ते नीट करणं, ट्रॉल्यांना दिवे लावायला लावणं, दारू पिऊन चालवणाऱ्याला पकडणं ही सरकारची कामं आहेतच. आपण शिकलो म्हणून त्यांची सुटका नाही. पण खड्डा बुजेपर्यंत रोज त्या रस्त्याने जायचं आपल्यालाच आहे ना?

तरीही मी हा आग्रह का धरते आहे? कारण बाईचा अपघात आणि पुरुषाचा अपघात यांत एक फरक असतो. आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात दोन अपघात झाले. कॉलेजातला मुलगा मोटारसायकलवरून घसरला, हात मोडला. प्लास्टर निघायच्या आत बापाने जास्त ताकदीची नवी गाडी बुक केली. त्याच महिन्यात एका शिक्षिकेला मागून जीपने धडक दिली. चूक पूर्णपणे जीपवाल्याची, तिचा पाय मुरगळला एवढंच. पण घरात बैठक बसली आणि तिची स्कूटर विकली गेली. ‘कशाला उगीच, नसती आफत!’ आता ती वडापची वाट बघत फाट्यावर उभी असते, येताजाता दीड तास जास्त मोडतो, आणि तो दीड तास घरकामातून कुणी वजा करत नाही. मुलगा पडला तर गाडी बदलते, बाई पडली तर किल्ली जाते. म्हणून गाडी नीट शिकणं ही आपल्यासाठी हौस नाही. हाडं शाबूत ठेवायची आहेतच, पण हातात आलेली किल्लीही राखायची आहे.

आणि ‘बायकांची गाडी म्हणजे देवाच्या भरवशावर’ हे चौकाचौकातले विनोद? मला त्यांचा राग येतो. २० वर्षांपूर्वी दोन संध्याकाळी मैदानावर शिकवलं, अर्धा ब्रेक शिकवला, आणि आता हसता? हळू चालव, जपून जा, अंधार व्हायच्या आत ये, हे सगळे सल्ले प्रेमाचे असतात, मान्य. पण ‘जपून जा’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणीतरी शिकवायला हवं ना!

काय करता येईल? फार खर्चाचं काम नाही. एक रविवार, एक मैदान, चार विटा आणि थोडी फक्की. महिला मंडळाने, बचतगटाने पुढाकार घ्यावा. गाडी विकणाऱ्या शोरूमला सांगावं की नुसता पेढ्यांचा बॉक्स आणि हार नको, गाडीबरोबर अर्ध्या दिवसाचा वर्ग द्या. अनेक गाडी कंपन्या असे कार्यक्रम करतात, आपल्या गावात करा म्हणून मागणी आपण करायची. आरटीओचा कॅम्प तालुक्याला येतो तेव्हा साहेबांना गाठून शाळेच्या मैदानावर दोन तास मागायचे. मुलींच्या कॉलेजात तर हे दरवर्षी व्हायला हवं. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे किती वर्षं वाटणार? यंदा वाण म्हणून गाडीला मागे चिकटवायची रिफ्लेक्टरची पट्टी द्या. कमी पैशात होतं आणि उसाच्या हंगामात ते वाण रोज रात्री उपयोगी पडतं.

तोवर एवढं तरी उद्या करा. रिकाम्या रस्त्यावर, हँडल सरळ ठेवून, आधी ताशी १५-२० च्या वेगात दोन्ही ब्रेक एकदम, लिंबू पिळल्यासारखे, दहा वेळा दाबून थांबून बघा. टायरची हवा बघा. पदराने पुसायला विसरलेले दोन्ही आरसे पुसा आणि त्यांत स्वतःचा चेहरा नाही, मागचा रस्ता दिसेल असे फिरवा. घरातलं कुणी म्हणालंच की ‘आता या वयात काय शिकतेस गाडी?’ तर हसून सांगा, गाडी येतेच मला, आता थांबायला शिकते आहे.